येऊ दे, येऊ दे!

आमच्या कामठ्यात दोन ठिकाणी माणसं बोलावल्याशिवाय जमतात. मयतीला आणि हायड्राभोवती. मयतीहून आल्यावर अंघोळ करावी लागते म्हणून काही आळशी लोक टाळतात तरी. हायड्राला तीही अट नाही.

हायड्रा म्हणजे ती पिवळी क्रेन, पुढं लांब सोंड, सोंडेला हूक आणि हुकाला लटकलेलं काहीतरी घेऊन रस्त्यानं डुलत चालणारी. बनवणारी कंपनी कोणतीही असो, आमच्याकडं ती हायड्राच. गोंदिया हा राईस मिलचा जिल्हा. मिल आली की पॉलिशर आला, मोटर आली, बॉयलर आला आणि हे सगळं ट्रकवरून उतरवायला हायड्रा आली. शिवाय नहरात गेलेला ट्रॅक्टर, चिखलात बसलेली ट्रॉली, ट्रान्सफॉर्मर, गणपती, शारदा, आणि निवडणूक जवळ आली की नेत्यांच्या गळ्यात घालायचा तो अजस्र हार. गळा जमिनीवर असतो आणि हार आभाळात. असा हार वरून बरोब्बर गळ्यात सोडणारा ऑपरेटर मी पाहिला आहे. त्याच्या कौशल्याबद्दल माझी तक्रार नाही. हार अर्ध्या टनाचा आणि गळा पाच वर्षांचा, एवढंच मनात येतं. २०२३ साली मराठवाड्यातल्या सभांमध्ये लोकांनी जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळली, तेव्हापासून तर फुलाला हात लावणं कमीपणाचंच झालंय.

आमच्या जिल्ह्यात सारस पक्ष्यांची दरवर्षी मोजणी होते. पहाटे उठून, दुर्बिणी घेऊन, धानाच्या बांध्यांतून हिंडून माणसं एकेक सारस मोजतात. हायड्रा कोणी मोजत नाही. मोजायची गरजही नाही, कारण ती कुठं उभी आहे हे गर्दीवरून कळतं.

तर हायड्रा आली. ऑपरेटर बालाघाटकडचा, वयानं पोरगाच. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली की त्याला खाली चाळीस माणसं दिसतात आणि चाळीसही जण हात हलवत असतात. एक म्हणतो, "येऊ दे, येऊ दे." दुसरा म्हणतो, "डावीकडं घे ना बे." तिसरा तोंडात खर्रा असल्यामुळं भुवयांनीच वर-खाली करतो. बापाच्या खांद्यावर बसलेलं तीन वर्षांचं पोरगंही बोट वर करून गोल फिरवतं. कोपऱ्यात एक काकाजी असतातच, "आमच्या टायमाले हे बैलजोडीनं काढलं असतं" म्हणणारे. आणि मी. मी निवृत्त शिक्षक. आयुष्यात मी उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे दहावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, तोही शिपायानं दुसरं टोक धरलं होतं. पण हायड्रा दिसली की माझाही हात आपोआप वर जातो. "थोडं मागं... अजून... येऊ दे."

गंमत अशी की याच गावाच्या शेजारी बिरसीचं विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तिथं धावपट्टी बांधली. पुढं तिथं वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचं प्रवासी विमानही यायला लागलं. विमान जागेवर आणून उभं करायचं असतं तेव्हा एक माणूस, एकच, हातात दोन दांड्या घेऊन समोर उभा राहतो. वैमानिक त्याच्याकडं बघतो, दुसऱ्या कोणाकडं नाही. कुंपणाबाहेर उभं राहून आमच्यातल्या काहींनी "येऊ दे, येऊ दे" करून पाहिलं आहे. वैमानिकानं मनावर घेतल्याचं ऐकिवात नाही.

अशा या गावात मार्च महिन्यात एका कंत्राटदारानं जड सामान उचलणाऱ्या यंत्रांच्या ऑपरेटरांसाठी सुरक्षा प्रशिक्षण ठेवलं. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली, म्हणून ४ मार्चला देशभर सुरक्षा दिन आणि पुढं आठवडाभर सुरक्षा सप्ताह. आमच्याकडं सप्ताह म्हटला की हरिनामाचा. त्यामुळं दवंडी ऐकून काही बाया टाळ घेऊन आल्या आणि "काला कोणत्या दिवशी आहे जी?" म्हणून विचारून गेल्या. कंत्राटदाराचा हेतू सरळ होता. फाइलला फोटो पाहिजे होते. सूत्रसंचालनासाठी मला बोलावलं, कारण माझा आवाज माइक नसतानाही पोचतो आणि माइकचे पैसे वाचतात.

मंडप घालायला वेळ नव्हता. म्हणून शाळेच्या पटांगणात हायड्राच उभी केली, सोंड वर केली आणि हुकाला बॅनर लटकवला. "सुरक्षा प्रथम." बॅनरच्या खाली पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या, कारण फोटोत बॅनर आणि पाहुणे दोन्ही यायला पाहिजेत. नागपूरहून आलेल्या प्रशिक्षक साहेबांनी गाडीतून उतरून वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि त्यांचा चेहरा प्रेतासारखा पांढरा झाला.

"बूमखाली, लोडखाली कोणी उभं राहायचं नसतं," ते म्हणाले.

"उभे कुठं आहो जी," पहिल्या खुर्चीतले प्रतिष्ठित म्हणाले, "बसून आहो ना."

दीपप्रज्वलनाची समई ठेवली होती ती नेमकी डिझेलच्या कॅनपाशी. साहेबांनी काही न बोलता कॅन उचलून लांब नेऊन ठेवला. त्या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा धडा तोच असावा, पण तेव्हा शाल-श्रीफळ चालू होतं. एकूण हेल्मेटं पाच. प्रशिक्षणार्थी चाळीसच्या वर. पाचही हेल्मेटं पाहुण्यांच्या डोक्यावर गेली. त्यातलं पांढरं एकच होतं आणि पांढरं इंजिनिअरचं असतं असं कोणीतरी बोलून गेलं, त्यावरून दोन आजी-माजी पदाधिकाऱ्यांत जरा ताणाताणी झाली. शेवटी पांढरं हेल्मेट मधल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं आणि त्याला हार घातला.

मग साहेब मुद्द्यावर आले. माणूस जाणकार होता, हे कबूल केलं पाहिजे. ते म्हणाले, उचलण्याआधी पहिला प्रश्न वजनाचा. समोर राईस मिलचं एक जुनं यंत्र ठेवलं होतं. "याचं वजन किती?"

"साठ कट्टे असन," मागून उत्तर आलं.

साहेबांना कट्टा कळेना. मी समजावलं की आमच्याकडं वजनाचं माप कट्टा. साहेबांनी आनंदानं फळ्यावर लिहिलं : कट्टा म्हणजे किती किलो? एकजण म्हणाला चाळीस, धान खरेदी केंद्राचा. दुसरा म्हणाला पन्नास, मिलच्या तांदळाचा. फळ्यावर एकदा २,४०० किलो आणि एकदा ३,००० किलो आलं. मधला फरक ६०० किलोंचा. साहेब म्हणाले, "म्हणजे एका अंदाजात एक अख्खी म्हैस हुकाला जास्तीची लटकली." यावर सभेत कौतुकाची कुजबुज झाली. चांगली म्हैस होती.

नंतर लोड चार्ट. हायड्रावर चौदा टन लिहिलेलं असतं ते चौदा टन फक्त अगदी जवळ, बूम आखडून घेतलेली असताना. बूम लांबवली, भार चाकांपासून दूर गेला, की तीच क्रेन काही टनांवर येते, आणि न ऐकता उचललं तर मागची चाकं उचलली जातात. "भरलेली बादली अंगाशी धरून पाहा, मग हात लांब करून धरा," साहेब म्हणाले. हे सगळ्यांना पटलं. बूम किती लांब गेल्यावर किती टन, याचा तक्ता केबिनमध्ये लावलेला असतो. आमच्या हायड्रातही लावलेला निघाला. त्याच्यावर ऑपरेटरनं शेगावच्या गजानन महाराजांचा फोटो चिकटवला होता. साहेबांनी फोटो काढायला सांगितला. कोणी काढेना. साहेबांनाही काढवेना. शेवटी महाराज तिथंच राहिले आणि तक्ता फळ्यावर उतरवून घेतला.

स्लिंगच्या कोनाचं प्रकरण त्याहून रंगलं. दोन पायांच्या स्लिंगनं एक टन उचलायचा असेल आणि पाय आडव्या रेषेशी साठ अंशांत असतील, तर प्रत्येक पायावर सुमारे ५८० किलोंचा ताण येतो. पाय पसरत पसरत तीस अंशांवर आले, की प्रत्येक पायावर पूर्ण एक टन. भार तोच, ताण दुपटीच्या जवळ. सभा शांत झाली. मागून एक शेतकरी हळूच उभा राहिला.

"साहेब, एका टनाचे दोन टन होतेत?"

"ताण तेवढा येतो."

"ही स्लिंग खरेदी केंद्राच्या काट्यावर चालन काय?"

कायद्याची बाजूही साहेबांनी सांगितली. १९४८च्या कारखाने कायद्यानं २९व्या कलमात लिहून ठेवलं होतं की उचलण्याची यंत्रं, साखळ्या, दोर यांची बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासणी झाली पाहिजे, आणि किती भार सुरक्षित आहे ते यंत्रावर ठळक लिहिलं पाहिजे. यातली 'सक्षम व्यक्ती' ऐकून पानठेल्यावरची अर्धी मंडळी खुर्चीत सावरून बसली. आमच्या हायड्राची तपासणी त्यांनीच केली होती. हुकाला दोर निसटू नये म्हणून एक स्प्रिंगची जीभ असते. ती "मधे मधे येते" म्हणून तारेनं बांधून ठेवलेली. हूक फार वर गेला तर आपोआप थांबवणारा लिमिट स्विच असतो. तो "उगाच थांबवते" म्हणून काढून डॅशबोर्डात जपून ठेवलेला. हॉर्न मात्र उत्तम. एकाच वेळी तीन सुरांत वाजे. हुकाला लिंबू-मिरची ताजी होती, शनिवारचीच. "म्हणजे नियमित तपासणी होते," साहेब म्हणाले. त्यांना टोमणा मारायचा होता, पण ऑपरेटरनं तो प्रमाणपत्रासारखा स्वीकारला.

विजेच्या तारांबद्दल बोलताना साहेबांचा आवाज चढला. तारांजवळ बूम न्यायचीच नाही, म्हणाले.

"लाईन नाही ना आत्ता," कोणी तरी समजूत घातली.

"आणि मधेच आली तर?"

"येत नाही जी. चार वाजेपर्यंत येतच नाही."

साहेबांनी दोन घोट पाणी प्यायलं आणि हातवाऱ्यांच्या खुणांकडं वळले. इथं मात्र आमच्या गावानं नाव काढलं. बोट वर करून लहान वर्तुळ काढलं की भार वर. बोट खाली करून वर्तुळ काढलं की खाली. अंगठा वर की बूम वर. अंगठा खाली की बूम खाली. हळू करायचं असेल तर एका हातानं खूण करायची आणि दुसरा हात तिच्यासमोर स्थिर धरायचा. "हळूची खूण दाखवा," साहेब म्हणाले, तर अर्धी सभा आधीपासूनच एका तळव्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा घासत बसलेली. तंबाखू मळणं चालू होतं, पण साहेबांनी मोठ्या मनानं बरोबर धरलं. आपत्कालीन थांबासाठी दोन्ही हात आडवे पसरून, तळवे खाली करून हलवायचे. ते पाहिल्याबरोबर मागची पोरं ओरडली, "वाईड!" आणि एकानं स्कोअरही वाढवला.

तिरोड्याचं औष्णिक वीज केंद्र उभं राहत होतं तेव्हा तिथं राबलेले एक जुने खलाशी होते. त्यांना या खुणा बघून राग आला. "आम्ही तोंडानं काम केलं जी. हाबेस म्हटलं का वर, आर्या म्हटलं का खाली. बोटं कोण हलवत बसते?" साहेब म्हणाले, क्रेनच्या आवाजात तोंडचं ऐकू येत नाही. खलाशीबाबांनी तिथल्या तिथं "हाबेस!" अशी आरोळी दिली. हायड्रातल्या झोपलेल्या ऑपरेटरनं दचकून लिव्हर ओढला आणि "सुरक्षा प्रथम" चार फूट वर गेलं. पाहुणे एकदाचे खुर्च्यांवरून उठले. साहेबांचं अर्ध्या तासाचं बोलणं जे करू शकलं नाही, ते एका आरोळीनं केलं.

मग साहेबांनी दोन नियम सांगितले आणि ते सांगताना प्रत्येक शब्द सुटा सुटा उच्चारला. पहिला : ऑपरेटरनं एकाच माणसाचा इशारा पाहायचा, नेमलेल्या सिग्नलमनचा. बाकी कोणी कितीही हात हलवो. दुसरा : थांबण्याचा इशारा मात्र कोणीही देऊ शकतं. मालक, मजूर, रस्त्यानं जाणारा, कोणीही थांब म्हटलं की ऑपरेटरनं थांबायचंच, कारण नंतर विचारायचं. "म्हणजे," साहेब म्हणाले, "येऊ दे म्हणण्याचा अधिकार एकालाच. थांब म्हणण्याचा सगळ्यांना."

सभेनं हे फारच गंभीरपणे ऐकलं. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती, पण मी आभारप्रदर्शनाची चिठ्ठी शोधत होतो.

शेवटी परीक्षा झाली. चौकोनात खूण करायची. एक प्रश्न होता : भार हवेत लटकलेला असताना ऑपरेटरनं केबिन सोडून खाली उतरावं का? आमच्या बालाघाटच्या पोरानं 'होय' आणि 'नाही' दोन्हींच्या मधे पेननं लिहिलं, "चाय आई तो." बाकीच्यांनी त्याचंच पाहून लिहिलं. सगळे पास झाले. प्रमाणपत्रं आधीच छापून आलेली होती, नावांची जागा सोडून. काही नावं कमी पडली म्हणून दोन टाळवाल्या बायांनाही एकेक दिलं. तर्री-पोहे झाले. पाचपैकी एक हेल्मेट पोह्यांची वाढी करायला गेलं ते परत आलं नाही.

पुढल्या आठवड्यात खरी परीक्षा आली. गावाजवळच्या एका मिलमध्ये नवीन यंत्र उतरवायचं होतं. कंत्राटदारानं नियमाप्रमाणं सगळं केलं, हे मी शपथेवर सांगीन. हिरव्या जाकिटातला सिग्नलमन नेमला. भाराला धरून चालणाऱ्या मजुरांना लांब केलं आणि भार डुलू नये म्हणून बांधायची दोरी दिली. दोरी तोकडी निघाली तेव्हा एकानं स्वतःचा दुपट्टा जोडला, पण भावना बरोबर होती. हुकाची जीभ सोडली. लिमिट स्विच डॅशबोर्डातून काढून परत बसवला. ऑपरेटर केबिनमध्ये चढला, खिडकीतून मान बाहेर काढली.

खाली चाळीस प्रमाणित सिग्नलमन उभे होते.

पूर्वी निदान प्रत्येक जण आपापल्या पद्धतीनं हात हलवायचा. ऑपरेटरला कळायचं की ही हौशी मंडळी आहेत. आता सगळे शास्त्रोक्त खुणा करत होते. कोणाचं बोट वर गोल, कोणाचं खाली गोल, कोणाचा अंगठा वर, कोणाचा खाली, काकाजींची एका हातानं खूण आणि दुसरा हात समोर स्थिर. एकही खूण चुकीची नव्हती. हिरव्या जाकिटातला खरा सिग्नलमन त्या गर्दीत दिसेनासा झाला, मग त्यानं उंच दिसावं म्हणून पोत्यांच्या थप्पीवर चढून खुणा केल्या. तर थप्पीवरचे हमालही त्याच्या मागं रांगेत उभे राहून त्याच खुणा करू लागले. यंत्र जमिनीपासून हातभर वर लटकून एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं असं बिचकत होतं. त्याच्याखालून एक शेळी शिरली आणि पडलेले तांदूळ खाऊ लागली.

ती कोणालाच दिसली नाही, कारण प्रत्येक जण ऑपरेटरला काहीतरी शिकवत होता. आणि हे लक्षात घ्या, त्या चाळीसांपैकी एकाच्याही हातानं थांबण्याची खूण केली नाही. थांब म्हणण्याचा अधिकार सर्वांना दिला होता ना, तो कोणी वापरला नाही. आपल्याकडं फुकट मिळालेल्या अधिकाराला किंमत नसते. ज्यासाठी एकाला नेमलंय, तेच काम करण्यात मजा.

इतक्यात कुंपणापलीकडून एक आजी ओरडत आली. "थांबव रे मुडद्या! माही शेरडी आहे!" दोन्ही हात आडवे, तळवे खाली, जोरात हलवत. तिला कोणी शिकवलं नव्हतं. प्रशिक्षणाच्या दिवशी ती रानात होती.

ऑपरेटरनं तत्काळ भार थांबवला. आजी वाकून शेळीला कान धरून बाहेर घेऊन गेली, जाता जाता चाळीसही जणांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेली. त्यानंतर पोरानं भार हळूच खाली टेकवला, ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली आणि खाली उतरला.

"काहून उतरला बे?" सगळे एकदम.

"साहेब बोले थे ना, गडबड दिखे तो बंद करना," तो म्हणाला. "और चाय आ गई."

यंत्र त्या दिवशी संध्याकाळी बसलं, जेव्हा गाव जेवायला गेलं होतं आणि तिथं ऑपरेटर, सिग्नलमन आणि दोन हमाल एवढेच होते. मला ही बातमी दुसऱ्या दिवशी कळली आणि थोडं वाईटच वाटलं. आमच्या मदतीशिवाय बसलं म्हणून. यंत्र अगदी सरळ बसलंय म्हणतात. काकाजींनी जाऊन पाहिलं, त्यांच्या मते डावीकडं दोन सूत तिरपं आहे.

पुढच्या ४ मार्चला पुन्हा प्रशिक्षण आहे. साहेब पुन्हा येणार आहेत, त्यांनी अट घातली आहे की आजीला बोलावलं तरच. जवळपास असाल तर अवश्य या. पोहे आहेत. फक्त हेल्मेट घरून आणा, आमच्याकडं आता चारच उरली आहेत आणि त्यातल्या पांढऱ्यावर वाद चालू आहे.